कोणता ‘राइट’?

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा निरोप आला, तेव्हा आम्ही जुने विद्यार्थी एकमेकांना विचारू लागलो की, नेमके कशावर लिहावे? वसतिगृहातील पत्र्याच्या पेट्या, पहाटेची घंटा, रांगेत बसून घेतलेले जेवण, सायंकाळची वंदना आणि त्यानंतरचा सक्तीचा अभ्यास यांविषयी इतर मंडळी लिहितीलच. आमच्या वाट्याला आम्ही एक लहानसा विषय घेतला आहे. उच्चाराने सारखे आणि अर्थाने वेगळे असणारे इंग्रजी शब्द, हा तो विषय. वरवर पाहता तो व्याकरणाच्या पुस्तकातला वाटेल. परंतु आमच्यापैकी अनेकांना त्याने जे शिकवले, ते व्याकरणापुरते राहिले नाही.

आम्ही या शाळेत आलो तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, म्हणजे आमच्या नंतर. दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत जे इंग्रजी शब्द आमच्या कानांवर पडले, ते स्टँड, रेशन, डॉक्टर, कोर्ट असे मराठीच होऊन गेलेले होते. ते कुठून आले, मूळ लिपीत कसे लिहितात, याची विचारपूस कोणी केली नव्हती. अक्षर म्हणजे ध्वनीचे चित्र, जसे बोलावे तसे लिहावे, एवढे आम्हांला मराठीने शिकवले होते आणि त्यावर आमचा पूर्ण विश्वास होता.

त्या विश्वासाला पहिला धक्का बसला तो ‘सन’ या शब्दाने. सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. एकाची अक्षरे एस, यू, एन; दुसऱ्याची एस, ओ, एन. पहिल्याचा अर्थ सूर्य आणि दुसऱ्याचा मुलगा. दोन्ही वाचून दाखवताना सरांच्या तोंडून मात्र एकच ध्वनी निघाला. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, “सर, तुम्ही नुसतं ‘सन’ म्हणालात, तर आम्ही कोणता लिहायचा?” वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “बरोबर विचारलंस. नुसता शब्द ऐकून मलासुद्धा सांगता येणार नाही. श्रुतलेखनात असा शब्द आला की हात वर करायचा आणि विचारायचं, ‘कोणता?’ मग मी पूर्ण वाक्य सांगीन. विचारणं हे तुमचं काम, सांगणं हे माझं.”

आज हा प्रसंग कोणाला किरकोळ वाटेल. आमच्यासाठी तो किरकोळ नव्हता. आमच्या घरांतून मोठ्या माणसाला, विशेषतः शिकलेल्या माणसाला, उलटून विचारण्याची रीत नव्हती. ‘वर तोंड करून विचारू नये’ हे आमच्या आजीने आमच्या आईला सांगितले होते आणि आईने आम्हांला. यात आजीचा दोष नव्हता. पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेली माणसे केवळ कानावर जगली. सावकाराचा कागद असो, कचेरीतून आलेली नोटीस असो, की जमिनीचा उतारा असो. वाचणारा जे वाचून दाखवील ते ऐकायचे, मान हलवायची आणि सांगतील तिथे अंगठा उठवायचा. वाचणाऱ्याने कागदावर होते तेच वाचले की दुसरे काही, हे पडताळून पाहण्याचे साधनच हाती नव्हते. अशा घरांतून आलेल्या मुलांना एक शिक्षक सांगत होते की, नुसत्या ऐकण्यावर विसंबू नका; शंका आली की हात वर करून विचारा; विचारणे हा उद्धटपणा नाही, ते तुमचे काम आहे. इंग्रजीच्या तासाला आम्हांला मिळालेली ही पहिली मोठी गोष्ट होती.

अशा शब्दांना इंग्रजीत ‘होमोफोन’ म्हणतात. वसतिगृहात आम्ही त्यांना ‘जुळे शब्द’ म्हणत असू. भोजनगृहाच्या भिंतीवर आम्ही खाकी कागदाचा एक मोठा ताव चिकटवला आणि कोणाला नवी जोडी सापडली की ती तिथे लिहू लागलो. समुद्र आणि पाहणे यांचा उच्चार एकच, ‘सी’. भेटणे आणि मांस, दोन्ही ‘मीट’. आठवडा आणि अशक्त, दोन्ही ‘वीक’. तुकडा आणि शांती, दोन्ही ‘पीस’. भाकरी वाढणाऱ्या मावशींना इंग्रजी येत नव्हते, पण त्या रोज विचारीत, “आज किती जुळी झाली रे?” जुळ्यांच्या पुढे तिळीही निघाली. ‘टू’ हा दोनचा आकडा, ‘टू’ म्हणजे कडे किंवा पर्यंत, आणि ‘टू’ म्हणजे सुद्धा. आणि एके दिवशी ताव्यावर चार भावंडांचे एक घर आले, ते ‘राइट’चे. आर, आय, जी, एच, टी म्हणजे योग्य, उजवा, तसेच हक्क. डब्ल्यूने सुरू होऊन टी, ई वर संपणारा म्हणजे लिहिणे. आर, आय, टी, ई म्हणजे धार्मिक विधी. आणि डब्ल्यूने सुरू होणारा, मध्ये जी, एच असणारा चौथा ‘राइट’ म्हणजे घडवणारा कारागीर. हा चौथा आता एकटा फारसा वापरात नाही. जहाज बांधणारा ‘शिपराइट’, चाके घडवणारा ‘व्हीलराइट’ आणि नाटककार म्हणजे ‘प्लेराइट’ या जोडशब्दांत तो टिकून आहे. नाटककाराच्या ‘राइट’चे स्पेलिंग लिहिण्याचे नाही, घडवण्याचे आहे. सुतार गाडीचे चाक घडवतो तसे नाटक घडवणारा तो नाटककार, हा त्यातला अर्थ कळला तेव्हा आम्हांला मनापासून आनंद झाला.

एकाच ध्वनीला चार स्पेलिंगे कशासाठी, हा प्रश्न त्या वयात आम्ही बाजूला ठेवला होता. त्याचे उत्तर पुढे महाविद्यालयात आणि वाचनालयांत हळूहळू मिळत गेले. ही चार भावंडे मुळात एका घरातली नव्हतीच. विधी हा शब्द लॅटिनमधून आलेला. उरलेले तीन जुन्या इंग्रजीतले, पण तिघांचे उच्चार निराळे. ज्या ‘राइट’च्या आरंभी डब्ल्यू आहे, तिथे तो पूर्वी खरोखर उच्चारला जाई. ‘लिहिणे’ या शब्दाचा मूळ अर्थ कोरणे, ओरखडणे असा होता. मधल्या जी, एच या अक्षरांच्या जागी घशातून निघणारा, आपल्या ‘ख’च्या जवळचा एक ध्वनी होता, जर्मन माणूस रात्रीला ‘नाख्ट’ म्हणतो त्यात तो आजही ऐकू येतो. विल्यम कॅक्सटन याने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. छापलेल्या पुस्तकांमुळे स्पेलिंगे हळूहळू पक्की होत गेली; जिभा मात्र थांबल्या नाहीत. पुढच्या दोन-अडीच शतकांत डब्ल्यू मुका झाला, घशातला ध्वनी गेला, स्वर बदलले. वेगवेगळ्या वाटांनी आलेले शब्द उच्चारात एके ठिकाणी येऊन मिळाले. कागदावर मात्र त्यांच्या जुन्या खुणा राहिल्या. ज्यांना आम्ही निरर्थक मुकी अक्षरे समजत होतो, ती एके काळी बोलत होती.

‘नाइट’ची जोडी याच गटातली. एक नाइट म्हणजे रात्र. दुसरा, के अक्षराने सुरू होणारा, म्हणजे घोड्यावरचा सरदार. या दुसऱ्यातला ‘क’ सुमारे सतराव्या शतकापर्यंत उच्चारला जात असे. त्याहून मनोरंजक आहे तो त्याचा अर्थ. जुन्या इंग्रजीत हा शब्द पोऱ्या, घरातला नोकर या अर्थाचा होता. राजाच्या पदरी राहणाऱ्या नोकराला मान मिळत गेला, तसा शब्दालाही मिळत गेला. त्याचाच जर्मन भाऊ ‘क्नेख्ट’ मात्र आजही चाकर या अर्थानेच नांदतो. एकाच कुळातल्या दोन शब्दांपैकी एक इंग्लंडात सरदार झाला आणि दुसरा जर्मनीत चाकरीतच राहिला. थोरपणा जन्माने शब्दालासुद्धा मिळत नाही, असे आमचा एक सहाध्यायी तेव्हा म्हणाला होता, आणि ते आम्हांला पटले होते.

‘सन’चा उलगडाही असाच झाला. मुलगा या अर्थाच्या शब्दात जुन्या इंग्रजीत यू हेच अक्षर होते. परंतु मध्ययुगातील हस्तलिखितांत यू, एन आणि एम ही अक्षरे सारख्याच उभ्या काट्यांनी लिहीत. दोन-तीन अशी अक्षरे शेजारी आली की काट्यांची रांग होई आणि वाचणारा गोंधळे. म्हणून नकलकारांनी अशा ठिकाणी यूऐवजी ओ लिहिण्यास सुरुवात केली, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे जे स्पेलिंग आम्हांला छळण्यासाठी केले आहे असे वाटत होते, ते मुळात कोणा वाचकाचे डोळे वाचवण्यासाठी केलेले होते.

सगळीच स्पेलिंगे इतक्या शहाणपणाने ठरलेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ‘आइल’ या उच्चाराचे दोन शब्द आहेत. एक म्हणजे लहान बेट. दुसरा म्हणजे सभागृहात किंवा विमानात दोन रांगांमधून जाणारी वाट. दोहोंत एस हे अक्षर आहे आणि दोहोंत ते मुके आहे. बेटाच्या शब्दात ते लॅटिनकडे पाहून घातले गेले. निदान त्याचे मूळ तरी लॅटिन होते. त्याच्या जवळचा ‘आयलंड’ हा शब्द मात्र अस्सल जुना इंग्रजी. त्याचा लॅटिनशी संबंध नसताना विद्वानांनी त्यातही तो एस बसवला. आणि रांगांमधल्या वाटेचा शब्द तर पंख या अर्थाच्या शब्दापासून आलेला. बेटाशी त्याची गल्लत झाली आणि एस तिथेही शिरला. सारांश, शिकलेल्या लोकांची चूक शब्दकोशात जाऊन बसली आणि आता तो एस जो गाळील त्याला चुकला म्हणतात. खेड्यातून आलेल्या मुलाच्या वहीवर लाल शाई उमटते, तेव्हा त्याने हा इतिहास आठवावा. स्पेलिंग शिकावे, अचूक लिहावे. पण त्यापुढे स्वतःला हीन मानण्याचे कारण नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, आपली मराठी बरी. तिच्यात असली भानगड नाही. तेही पूर्ण खरे नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. रोजच्या बोलण्यात या ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कितीसा ऐकू येतो? तो लिहिण्यातच जपावा लागतो. याउलट ‘जरा’ हा शब्द पाहा. ‘जरा थांब’ यातला ज निराळा आणि धम्मप्रवचनात ऐकलेल्या ‘जरा-मरण’ यातला, म्हातारपण या अर्थाचा, ज निराळा. अक्षर मात्र एकच. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला शाळेत ‘पाणी’ लिहावे लागते, हा अनुभव तर आमच्यापैकी बहुतेकांचा. ध्वनी आणि अक्षर यांच्यात अंतर सगळ्याच भाषांत असते. इंग्रजीत ते अधिक, एवढेच.

शिवाय आपण इंग्रजी शब्द मराठी कानाने ऐकतो, त्यामुळे आपल्याकडे जुळ्यांची संख्या आणखी वाढते. ‘सेल’ घ्या. बॅटरीतला सेल, दिवाळीच्या आधी दुकानांवर झळकणारा सेल आणि विकणे या अर्थाचा सेल, हे तिन्ही आपण एकाच तऱ्हेने म्हणतो. इंग्रजीत बॅटरीचा सेल आणि विकण्याचा सेल जुळे आहेत. दुकानावरच्या सेलचा स्वर मात्र वेगळा आहे आणि त्याचे जुळे भावंड म्हणजे जहाजाचे शीड. ‘वेस्ट’मध्ये आपण पश्चिम दिशा, कचरा आणि कपड्याच्या आत घालायची बंडी यांना एकत्र बसवतो, इंग्रजीत तिन्हींचे उच्चार भिन्न आहेत. लिहिण्याचे ‘पेन’ आणि ‘पेनकिलर’मधले ‘पेन’ हे तर देवनागरीत हुबेहूब एक. शहरात नोकरीला लागल्यावर आमच्या काही मैत्रिणींना आणि मित्रांना अशा उच्चारांवरून कार्यालयांत हसे सहन करावे लागले. पण उच्चार हा प्रांताचा असतो. अमेरिकेतील बहुतेक लोकांच्या बोलण्यात मावशी आणि मुंगी यांचे शब्द एकसारखे ऐकू येतात. दक्षिण इंग्लंडात ते वेगळे आहेत. न्यायालयाचा ‘कोर्ट’ आणि पकडले या अर्थाचा ‘कॉट’ दक्षिण इंग्लंडात एक होतात. अमेरिकेत ते स्पष्ट निराळे राहतात. कोणते शब्द जुळे, हे बोलणारा कोणत्या गावचा यावर ठरते. इंग्रजांना आणि अमेरिकनांना जी मोकळीक आहे, ती आपल्या गावांनाही असावी.

आमची एक वर्गभगिनी परिचारिका होऊन इंग्लंडला गेली. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत आपले कसे व्हायचे, ही धास्ती तिला होती. काही महिन्यांनी तिचे पत्र आले. तिथल्या सूचनाफलकांवर आणि चिठ्ठ्यांत तिला ‘देअर’ची गल्लत पुन्हा पुन्हा दिसू लागली होती. ‘त्यांचे’, ‘तिथे’ आणि ‘ते आहेत’ या तीन अर्थांचे तीन ‘देअर’ तिथली माणसे एकमेकांच्या जागी लिहीत होती. तिला आधी नवल वाटले, मग कारण उमगले. तिने लिहिले होते, “यांनी भाषा आईच्या मांडीवर ऐकून शिकली, मग लिहायला शिकले. यांच्या कानात तिन्ही एकच आहेत. आपण आधी फळ्यावर पाहून शिकलो. आपल्या डोळ्यांना ते कधी एक दिसलेच नाहीत.” तिच्या या वाक्यांनी आमच्या मनातले एक जुने शल्य काढून टाकले. इंग्रजी आम्हांला घरात मिळाले नाही, हे खरे. पण ज्या वाटेने ते आम्ही मिळवले, त्या वाटेवरही काही सापडले. बोलताना आम्ही अडखळत असू, पण शब्द लिहिताना आमची नजर पक्की होती. त्याच पत्रात तिने आमच्या तावासाठी एक जोडी पाठवली होती. रुग्ण या शब्दाचे अनेकवचन ‘पेशंट्स’ आणि धीर या अर्थाचा ‘पेशन्स’, हे इंग्रज माणसाच्या तोंडी एकच ऐकू येतात आणि दोघांचे मूळही एकच, सहन करणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद. रुग्णसेवा करणाऱ्या बाईला ती जोडी सापडावी, हे योग्यच झाले.

रुग्णालयात तिला आणखी एक गोष्ट शिकवली गेली. दूरध्वनीवरून डॉक्टरांनी औषध सांगितले, तर ते आधी लिहून घ्यायचे आणि मग वाचून दाखवायचे. समोरून ‘बरोबर’ असे आले तरच द्यायचे. औषधांची नावे एकमेकांसारखी असतात. ‘सेलेब्रेक्स’ सांधेदुखीवर आणि ‘सेलेक्सा’ नैराश्यावर. पंधरा आणि पन्नास यांचे इंग्रजी शब्दही घाईत सारखे ऐकू येतात. ऐकलेले पुन्हा विचारून घेणे हा तिथे नियम आहे, आणि वीस वर्षांची नोकरी झालेल्या परिचारिकेलाही तो सुटलेला नाही.

हा नियम का हवा, याचे एक दारुण उदाहरण विमानवाहतुकीच्या इतिहासात आहे. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर या कंपनीचे ६६ क्रमांकाचे मालवाहू बोइंग ७४७ विमान सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरण्याच्या तयारीत होते. दोन हजार चारशे फुटांवर या, अशी सूचना नियंत्रकाने दिली. परंतु ती देताना आकडे सुटे उच्चारले, ‘टू फोर झीरो झीरो’. वैमानिकांनी त्यातला पहिला ‘टू’ दोन असा न घेता ‘पर्यंत’ असा घेतला. त्यांच्या लेखी सूचना झाली, चारशे फुटांपर्यंत खाली या. त्यांनी उलट उत्तर देताना चारशेचाच आकडा उच्चारला. तो कोणी दुरुस्त केला नाही. विमान धावपट्टीच्या अलीकडे एका टेकडीवर आदळले आणि आतील चौघेही मृत्युमुखी पडले. अपघातामागे आणखीही कारणे होती. पण साखळीची पहिली कडी एका जुळ्या शब्दाची होती. ‘कोणता टू?’ एवढा प्रश्न त्या क्षणी दोन्ही बाजूंपैकी कोणी विचारला असता तर, असे वाटून आजही मन खिन्न होते. ते वैमानिक अडाणी नव्हते आणि नियंत्रकही नव्हता. न विचारण्याची किंमत शिकलेल्या माणसालाही द्यावी लागते.

याच शब्दांचा दुसरा, हसरा उपयोग आम्हांला शेक्सपिअरने दाखवला. सुमारे १५९९ साली लिहिल्या गेलेल्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकाचा पहिलाच प्रवेश रोमच्या रस्त्यावर घडतो. सीझरची मिरवणूक पाहण्यासाठी कारागीर लोक काम सोडून, चांगले कपडे घालून बाहेर पडले आहेत. दोन अधिकारी त्यांना अडवतात आणि दरडावतात की, कामाच्या दिवशी आपल्या धंद्याची खूण अंगावर न बाळगता तुम्ही रस्त्यावर फिरता कसे? आम्ही हा प्रवेश प्रथम वाचला तेव्हा क्षणभर पुस्तक मिटून ठेवले. अंगावर धंद्याची खूण घेऊनच रस्त्यावर यावे, अन्यथा येऊ नये, हे बोलणे आमच्या आजोबांच्या ओळखीचे होते.

त्या गर्दीत एक चांभार आहे. तुझा धंदा काय, असे त्याला विचारतात, तेव्हा तो सांगतो की, मी बिघडलेले ‘सोल’ दुरुस्त करतो. ‘सोल’ म्हणजे जोड्याचा तळ आणि ‘सोल’ म्हणजे आत्मा. आत्मा मानावा की न मानावा, हा वेगळा प्रश्न; जोड्याचा तळ मात्र सर्वांनाच लागतो. अधिकारी चिडतो, पुन्हा विचारतो. चांभार पुन्हा तसेच दुहेरी उत्तर देतो. चामडे टोचण्याची आरी आणि ‘सर्व काही’ हे इंग्रजीतले दोन शब्दही उच्चाराने एकच, ‘ऑल’. माझे सर्व काही या आरीवर चालते, असे म्हणताना तो त्यांचाही खेळ करतो. हुकूम करणारा गोंधळतो आणि ज्याच्यावर हुकूम चालतो तो हसत असतो. शेवटी अधिकारी लोकांना घरी पिटाळतात, सत्ता त्यांचीच राहते. पण बोलण्यात कोण जिंकले, हे प्रेक्षागृहातील प्रत्येकाला कळलेले असते. मराठीत आपण ज्याला श्लेष म्हणतो, तो जलसे आणि लोकनाट्य ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना मुद्दाम शिकवावा लागत नाही. तोच श्लेष परक्या भाषेत, एका चांभाराच्या तोंडी भेटला, तेव्हा ती भाषा आम्हांला पहिल्यांदा आपली वाटली.

आता आमच्यापैकी कोणी शिक्षक आहे, कोणी बँकेत, कोणी शेतीत. अनेकांची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि आमच्या उच्चारांना हसतात. त्यांना हसू द्यावे. पण त्यांच्या वह्या आम्ही पाहतो, तेव्हा जाणवते की, कानाने आलेल्या भाषेला डोळ्याची जोड त्यांनाही हवी आहे. ती जोड वाचनाने मिळते, दुसरा उपाय नाही. शब्दांची यादी पाठ करून फार काही साधत नाही. प्रत्येक जुळ्या शब्दाला त्याचे स्वतःचे वाक्य द्यावे, म्हणजे तो आपल्या घरी राहतो आणि भावंडाच्या घरात शिरत नाही.

आजच्या विद्यार्थ्यांच्या पालकांना, विशेषतः ज्यांना इंग्रजी येत नाही अशा माता-पित्यांना, आमची एक विनंती आहे. मूल सुट्टीत घरी आले आणि इंग्रजी शब्द म्हणून दाखवू लागले, तर ‘मला यातलं काय कळतंय’ असे म्हणून बाजूला होऊ नका. तुम्ही फक्त विचारा, “हा कोणता ‘सन’? हा कोणता ‘राइट’? वाक्यात सांग बरं.” एवढ्या प्रश्नाला इंग्रजी यावे लागत नाही. मुलाला मात्र त्यासाठी अर्थ शोधावा लागतो, वाक्य जुळवावे लागते आणि आईला ते मराठीत समजावून सांगावे लागते. चांगल्या शिक्षकाने वर्गात याहून फार वेगळे काही करायचे नसते.

आणि विद्यार्थ्यांनो, पुढे तुम्हांला मोठ्या पदावरची, भराभर बोलणारी, शिकलेली माणसे भेटतील. ती एखादा शब्द उच्चारतील, एखादा कागद वाचून दाखवतील आणि मान हलवण्याची अपेक्षा करतील. शब्द ओळखीचा वाटला तरी अर्थ कोणता, हे विचारून घ्या. कागद असेल तर तो हातात घेऊन स्वतः वाचा. आपल्या आधीच्या माणसांना हे करता आले नाही. तुम्हांला करता यावे, म्हणूनच ही शाळा उभी राहिली.